गाड्यांची पावलं

मी जन्मभर एकच काम केलं. माणसाला गाडीत बसवायचं आणि खाली रस्ता आहे हे त्याला कळू द्यायचं नाही. आमच्या धंद्यात याला आराम म्हणतात. चाकणच्या ज्या कंपनीत शॉकअप सुधारता सुधारता माझे केस पांढरे झाले, तिथल्या कँटीनच्या दारावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत 'रस्ता विसरा' असं रंगवून ठेवलं होतं. मी रोज त्या अक्षरांखालून जेवायला जायचे आणि मला ते पटायचंही, कारण मी ज्या रस्त्यावर वाढले तो विसरण्याच्याच लायकीचा होता.

तो रस्ता पुरंदर तालुक्यातला, खारओढा फाट्याचा. अलीकडे आमचं घर आणि अंजिराची बाग, पलीकडे एक जुनी चिंच, चिंचेखाली बाज आणि बाजेवर अंजिराच्या पाट्या. मध्ये गतिरोधक. तो कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण फाट्यावरच्या सगळ्या घरांची चूल त्याच्यावर पेटायची. गाडी तिथं हळू व्हायचीच, आणि हळू झाली की आतल्या माणसाला पाटी दिसायची. बाजारात पाठवायचं अंजीर जरा हिरवट असतानाच तोडावं लागतं. झाडावर पुरतं पिकलेलं, देठाशी लोंबणारं, पोटाला चीर गेलेलं अंजीर टेम्पोत घातलं तर पुण्यापर्यंत त्याचा मुरंबा होतो. खरं अंजीर खायचं असेल तर माणसाने आमच्याकडे यावं, अशी आमची मिजास होती.

मी आणि माझी थोरली बहीण रंजना, म्हणजे आक्का, शाळेतून आलो की बाजेवर बसायचो. मीठ्या बहाराच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या गोड अंजिराच्या दिवसांत, दुपारी गिऱ्हाईक नसलं की आमचा एक खेळ असायचा. डोळे मिटायचे आणि गतिरोधकावरून जाणारी गाडी ओळखायची. आधी पुढची चाकं, मग मागची. धप, धप. एस.टी. आली की धडाम् आणि पाठोपाठ काचांची खुळखुळ. ट्रकच्या स्प्रिंगपाट्यांचा कर्र आवाज तर रात्रीच्या ढेकरेसारखा लांबायचा. अँबेसेडर नुसतीच सुस्कारा टाकायची. जीप मात्र आतल्या माणसांसकट शिव्या देत जायची. आक्का त्याच्याही पुढे जाऊन सांगायची की मागच्या सीटवर माणसं आहेत की मोकळी आहे. हरेल तिने रिकाम्या पाट्या रस्त्यापलीकडे बागेत नेऊन भरून आणायच्या असा नियम होता, आणि त्या बहुतेक वेळा मीच आणल्या.

पुढे मी इंजिनियर झाले, आक्का त्याच गावात दिली, तेही चार घरं सोडून. बाग तिने सांभाळली. मी गाड्या सांभाळल्या.

आता थोडं माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. पण स्प्रिंग नुसतीच असली तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढचं गाव येईपर्यंत नाचत राहील. तिला गप्प बसवतो तो शॉकअप. एका नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला भोकं. चाक उडालं की दट्ट्या हलतो, तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते आणि उडीतला जोर तेलातच जिरतो. भोकं मोठी ठेवली तर गाडी मऊ चालते, पण वळणावर झोकांड्या खाते. बारीक ठेवली तर रस्ता धरून राहते आणि आतल्या माणसाची पाठ मोडते. कित्येक वर्षं इंजिनियर लोकांनी मधलं काहीतरी भोक पाडून दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या.

मग विजेने उघडझाप करणाऱ्या झडपा आल्या. त्यानंतर लोखंडाची बारीक भुकटी घातलेलं तेल आलं. नळीभोवतीच्या तारेत वीज सोडली की चुंबकाच्या ओढीने ते तेल पापणी लवायच्या आत घट्ट होतं, वीज काढली की पुन्हा पातळ. म्हणजे एकच शॉकअप क्षणात मऊ, क्षणात कडक. आमच्या तुकडीने त्याला दोन गोष्टी जोडल्या. एक म्हणजे उंचवटा आला की चाक अलगद वर ओढून घेणारी मोटार. दुसरी म्हणजे आठवण. एका गाडीने खाल्लेला धक्का ती बाकी सगळ्या गाड्यांना कळवायची, आणि मागून येणारी गाडी त्या जागी पोचायच्या आधीच तयार असायची. महाराष्ट्रातला खड्डान् खड्डा असा गाड्यांना पाठ झाला. खड्डे तसेच राहिले, ते कुणाला लागेनासे झाले. ठेकेदारांनी तर आमची आरती करायला हवी होती.

गतिरोधकांचंही तेच झालं. विजेवरची गाडी मुळात आवाज न करणारी, त्यात चाक उंचवट्याला जेमतेम शिवून जाणार. गाड्या आहे त्या वेगात फाट्यावरून जाऊ लागल्या. कुणी थांबेना, कुणाला पाटी दिसेना. तेव्हा आमच्या गावाने एक शहाणपणा केला. ग्रामसभा भरवून, नारळ फोडून गतिरोधक चांगला वीतभर उंच केला. आमच्या गाड्यांनी तो संध्याकाळपर्यंत पाठ केला. अडकला तो गावातलाच जुना टेम्पो आणि अंजिराने भरलेली एक रिक्षा. त्या दिवशी फाट्यावर रस्ता धुवावा लागला, आणि मुंग्यांचं मात्र भलं झालं. आक्काने फोनवर हे सांगितलं तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो होतो.

पुढचा फोन आक्काचा नव्हता. तिच्या सुनेचा, प्रणालीचा होता. सकाळी आक्का पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. उसाची ट्रॉली उभी होती, तिच्या आडून आक्का पुढे झाली आणि गाडी अगदी पदराला घासून गेली. पाटी गेली, आक्का वाचली. गाड्यांना माणूस दिसला की त्या आपण होऊन थांबतात हे खरं, पण ट्रॉलीच्या आडचा माणूस त्यांनाही दिसत नाही. आक्काने हे मला कळवू नये अशी प्रणालीला शपथ घातली होती, आणि ती प्रणालीने लगेच मोडली. गुणी मुलगी.

मी दुसऱ्या दिवशी गेले. गाडी थोडी पुढे लावून चालत मागे आले. आक्का चिंचेखाली बाजेवर बसली होती, पाट्यांवर अंजिराची पानं अंथरत होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिने तोंड वर केलं, माझ्याकडे पाहून हसली आणि एक अंजीर पुढे केलं.

"या ताई, आधी चव बघा, मग घ्या."

मला वाटलं, ती माझी थट्टा करते आहे. मीही थट्टेने म्हटलं, "गोड नसलं तर परत घेणार का आक्का?" तिचा हात तसाच राहिला. मग ती घाईघाईने म्हणाली की उन्हाने डोळे दिपले. आम्ही दोघी चिंचेच्या दाट सावलीत होतो.

साखरेने तिच्या डोळ्यांचा पडदा गेला होता. एकाएकी नव्हे, दोन-तीन बहार तो जात होता. आता तिला उजेड कळायचा, माणसाचा आकार कळायचा, चेहरा नाही. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिची सगळी कामं मुळातच हाताची. अंजीर दाबून पाहायचं, पान चाचपायचं, पाटी तोलायची. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. उरलं आहे तेवढं टिकवू, गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. परतताना मी तिला सांगितलं की आता पुरे, माझ्याकडे पुण्याला चल. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, मी एकटीच असते. 

"पुण्याला येऊन मी आंधळी हुईन, उजे," ती म्हणाली. "हितं मी नुसती म्हातारी हाय."

 तीच पुढे बोलली. "बागंतलं झाडन् झाड मला हातानं ठावं हाय. फकस्त रस्ता तेवढा तुमी मुका केलाय. पयलं गाडी यायची तर तिची पावलं वाजायची. आता गाड्यांना पावलंच न्हाईत."

मला तिचा फार राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. साठी ओलांडलेली बाई, दिसत नाही आणि दिवसातून दहा वेळा रस्ता ओलांडते. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी उचलून नेलं असतं. पण मला तो खेळ आठवला. तिने डोळे मिटून रस्ता वाचायला फार पूर्वीच सुरुवात केली होती, आणि वाचण्यासारखं जे काही होतं ते पुसायचा पगार मी घेत होते.

आमच्या विभागाचा प्रमुख ईशान बेहरे, माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान, हुशार आणि नेहमी घाईत. मी त्याच्याकडे गेले आणि गतिरोधकावर गाड्यांनी पूर्वीसारखं वाजावं असं काही करू या म्हणाले. त्याने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, लोक आपल्याकडे धक्का घालवायला येतात. धक्का घ्यायला कोण येईल?" माणूस वाईट नव्हता. त्याने आक्कासाठी एक कडं पाठवलं, गाडी जवळ आली की थरथरणारं. फाट्यावर गाड्यांची रांग फारशी तुटत नाही, त्यामुळे ते कडं सतत थरथरायचं. आक्काने चार दिवस घातलं आणि मग कालवडीच्या गळ्यात बांधलं. ती बिचारी दिवसभर दचकत होती म्हणे.

माझी निवृत्ती जवळ आली होती. ईशानने निरोपसमारंभाचा विषय काढला तेव्हा मी त्याला सांगितलं की मला शाल नको, श्रीफळही नको, गाडीच्या मेनूत एक ओळ द्या. मालकाने गाडीला एखाद्या जागी 'इथं जाणवू दे' असं सांगितलं, की त्या जागी गाडीने आधी हळू व्हायचं आणि मग शॉकअपना मोकळं सोडायचं. मोटारीने चाक उचलायचं नाही, तेलाने लाड करायचे नाहीत. रस्ता जसा असेल तसा आत येऊ द्यायचा. ईशान हसला. आठ-दहा हौशी लोक वापरतील, असं म्हणून त्याने ती ओळ घालू दिली.

पहिली हौशी मीच. खारओढ्याचा गतिरोधक गाडीला सांगितला, आक्काला येते म्हणून कळवलं आणि एका दुपारी निघाले. फाटा जवळ आला तशी गाडी हळू झाली. मग पुढची चाकं, धप. मागची चाकं, धप. इतक्या वर्षांनी तो आवाज माझ्या पाठीच्या मणक्यातून वर आला आणि मला आमची बाज, रिकाम्या पाट्या, आक्काच्या दोन वेण्या, सगळं एकदम दिसलं. ज्याला मी जन्मभर दोष म्हणत आले तो धक्का मला हवाहवासा वाटला. काच खाली केली तर चिंचेखालून आक्काचा आवाज आला.

"उजे, मागं काय घातलंस गं एवढं जड? जावई आणलास व्हय?"

मागे तिच्यासाठी आणलेले तांदूळ होते. मला जावई नाही, पण ते असो.

आक्काला मी ती ओळ समजावून सांगितली. तिने दोनदा विचारून घेतलं की गाडीला असं कुणीही सांगू शकतं का. आमच्या गाडीच्या कुणीही मालकाने, मी म्हटलं. त्यावर तिने काय केलं ते मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे बागेतला पहिला माल विकत नाहीत, ओळखीपाळखीत वानोळा म्हणून देतात. दोन-चार फळं, पानात गुंडाळून. त्याचं काही घ्यायचं नसतं. आक्काने तो रिवाज ताणला. प्रणालीला गाड्यांना हात करायला रस्त्याच्या कडेला उभं करून, जी गाडी थांबेल तिला ती वानोळा देऊ लागली. फाटलेलं, मधाने चिकट झालेलं, पुण्यात कधी न पोचणारं अंजीर. माणूस ते खायचा आणि त्याचा चेहरा बदलायचा. लहानपणी वडिलांबरोबर इथं थांबायचो, असं दर दोघांतला एक जण सांगायचा. मग किती द्यायचे म्हणून विचारायचा, आणि आक्का म्हणायची की वानोळ्याचे काही घेत नाहीत, फक्त गाडीला सांगून जा, हितं जाणवू दे.

इथं आमच्या गाड्यांची ती जुनी सवय कामाला आली, जी माझ्याही ध्यानात राहिली नव्हती. एका गाडीला कळलेलं बाकीच्यांना कळतं. एकाच जागी पुष्कळ गाड्यांनी 'जाणवू दे' सांगितलं, तेव्हा त्या आठवणीने ती जागा तशीच असायला हवी असं धरलं आणि न सांगितलेल्या गाड्याही तिथं हळू होऊन वाजू लागल्या.

मग तक्रारी आल्या. रस्त्यात मध्येच गाडी दणका देते, आम्ही असं काही सांगितलं नव्हतं. ईशानने ती ओळ पुढच्या आवृत्तीत काढून टाकायचं ठरवलं आणि मला सौजन्य म्हणून बोलावलं. तोवर मी निवृत्त झाले होते. शाल, श्रीफळ त्यांनी दिलंच होतं. ओळ गेली असती तर आक्काचा रस्ता पुन्हा मुका झाला असता, आणि मग तिला उचलून नेण्यावाचून माझ्याकडे काही उरलं नसतं. 

मी त्याला एवढंच म्हटलं की काढण्याआधी नकाशा लावून बघ. त्याने भिंतीवर नकाशा लावला. खारओढा तर ठळक होताच, पण राज्यभर बारीक ठिपके पसरले होते. आठ-दहा हौशी कुठले, हजारो होते. आणि जागा तरी कसल्या. बंद झालेल्या रेल्वे फाटकाचे उरलेले रूळ. एका साखर कारखान्याच्या शाळेसमोरचा उंचवटा. एका पुलाचा सांधा. विभागातली एक मुलगी जरा लाजत म्हणाली की त्यातला कराडकडचा एक ठिपका तिचा आहे. तिथून आजोळचं घर पूर्वी दिसायचं, आणि तो खड्डा आला की आई तिला झोपेतून उठवायची. घर आता नाही, खड्डा आहे.

ईशान पुष्कळ वेळ नकाशासमोर उभा राहिला. बोट एका जागी नेलं, मागे घेतलं. मग त्याने विचारलं की गाडीला नेमकं काय म्हणायचं असतं. मी सांगितलं. कुठली जागा ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ओळ राहिली. तक्रारींना उत्तर म्हणून गाडी आता आधी सांगते, पुढे कुणाची तरी जागा आहे.

परवा मी फाट्यावर गेले होते. मीठा बहार भरात होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. आक्का म्हणाली, खेळू या. मी म्हटलं, तुझं काय, तुला मिटायचे डोळे तरी कुठं आहेत. ती खुदकन हसली. मी डोळे मिटले. धप, धप. मी म्हटलं, मोठी गाडी, चार माणसं. आक्का म्हणाली, बारकी हाय, दोनच माणसं, पण मागं सामान. गाडी थांबली. एक नवराबायको आणि मागे हंडेकळशा. कुठं तरी नवं बिऱ्हाड मांडायला निघाले होते. आक्काने त्यांना वानोळा दिला. शॉकअपवर उभं आयुष्य काढलेली मी पुन्हा हरले.

पाट्या रिकाम्या होत्या. नियम म्हणजे नियम. मी त्या उचलल्या आणि निघणार, तोच आक्काने माझा दंड धरला आणि मला पुन्हा डोळे मिटायला लावले. आम्ही दोघी कडेला उभ्या राहिलो. मला काहीच दिसत नव्हतं, तिलाही नव्हतं. डावीकडून एक गाडी आली, हळू झाली, धप, धप, आणि गेली. उजवीकडून आणखी एक. मग रस्ता शांत झाला. आक्काने मान थोडी वाकडी करून आणखी थोडं ऐकलं असावं, कारण तिचा हात क्षणभर घट्ट झाला आणि मग सैल पडला.

"चल," ती म्हणाली.

पायाखाली डांबर तापलेलं होतं. रस्त्याच्या मधोमध माझा धीर सुटला, पापण्या हलल्या. तिला ते कसं कळलं कुणास ठाऊक.

"उजे, उघडू नगंस. आजून माझा डाव हाय."

मी नाही उघडले.